गळतीची चाचणी

शनिवारी सकाळी नऊ वाजता सिल्वियो झायडलरने कॉम्प्युटर बंद केला. अकरा महिन्यांत पहिल्यांदाच. पंखे मंदावत मंदावत थांबले आणि खोली एवढी शांत झाली, की खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंचा रेडिओ ऐकू येऊ लागला.

"मेला?" पलंगावरून डोरीनने विचारलं.

"ऑपरेशन आहे आज त्याचं."

"मग तो तरी बरा होईल."

डोरीन त्याची बायको. वय पंचेचाळीस. तिच्या आजारात एकेक स्नायू काम सोडत जातो आणि डोकं शेवटपर्यंत लख्ख राहतं. हिवाळ्यात पाय गेले होते, उन्हाळ्यात हात. आता नोव्हेंबर संपत आला होता आणि आवाजाची पाळी होती. तो अजून गेला नव्हता, पण पातळ झाला होता. दारामागून कुणी कुजबुजावं तसा यायचा. रात्री नाकावर मास्क लावून एक छोटं यंत्र तिला श्वासाला मदत करायचं. विमा कंपनीने दिलेला वर-खाली होणारा पलंग झोपायच्या खोलीत मावला नाही, म्हणून तो बैठकीच्या खोलीत आला होता. कॉम्प्युटर आधीपासून तिथेच होता. दोघांमधलं अंतर तीन मीटर. सिल्वियोने ते एकदा टेपने मोजलं होतं.

मशीन पळवायचा नाद त्याला लग्नाआधीपासूनचा. प्रोसेसर कारखान्याने ठरवलेल्या वेगाच्या पुढे न्यायचा, कुठे कोलमडतो ते पाहायचं आणि मग एक पायरी मागे यायचं. तरुणपणी हे नुसत्या आकड्यांसाठी होतं. डोरीनच्या आजाराचं नाव कळल्यावर त्याने मशीन एका प्रकल्पाला जोडलं. शास्त्रज्ञ मोठं गणित तुकडे करून घराघरांतल्या कॉम्प्युटरना पाठवतात. मशीन तुकडा सोडवून परत पाठवतं, पुढचा घेतं. गणित डोरीनच्याच आजाराचं होतं. सिल्वियोने दोन जुनी ग्राफिक्स कार्डं विकून एकच दणकट घेतलं, वेग वाढवला, आणखी वाढवला. रोज चाळीस तुकडे जायचे. देशाच्या यादीत तो अठरावा होता. या गणितातून निघणारं औषध डोरीनच्या हयातीत येणार नाही, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, कारण त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

किंमत एकच होती: आवाज. कार्ड त्र्याऐंशी अंशांवर तापायचं आणि सहा पंखे दिवसरात्र घोंघावायचे. डोरीन काही म्हणाली की तो "काय?" विचारायचा. ती पुन्हा म्हणायची. तो पुन्हा "काय?" म्हणायचा. तिसऱ्यांदा तिला बोलायला लावणं त्याच्या जिवावर यायचं, म्हणून तो मान हलवून "हो, हो" म्हणायचा. बहुतेक वेळा ते खपून जायचं.

दोन आठवड्यांपूर्वी खपलं नाही. डोरीनच्या घशात कफ अडकला होता आणि ती आठ मिनिटं त्याला हाक मारत होती. तो तीन मीटरवर, कॉम्प्युटरच्या पडद्याकडे तोंड करून बसला होता. घरी येणारी नर्स केर्स्टिन स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आली तेव्हा डोरीनचे ओठ निळसर झाले होते. केर्स्टिनने कफ काढला, हात धुतले आणि मग म्हणाली, "हेर झायडलर, तुमची बायको त्या खोक्यात नाहीये. इकडे आहे."

त्याच संध्याकाळी त्याने ठरवलं: पंखे काढायचे, पाणी फिरवायचं. पाण्याने गार केलेलं मशीन जवळजवळ मुकं असतं. वेगही कमी करायला नको, आणि तिची हाकही ऐकू येईल.

साडेनऊला माइक उलिग आला, बगलेत रेडिएटर घेऊन. माइक आल्टेनबुर्ग गावचा, पार्सलची गाडी चालवायचा, आणि या नादातला त्याचा वीस वर्षांचा सोबती. त्याने बूट काढले, पलंगाशी जाऊन डोरीनच्या कपाळावर थोपटलं.

"काय राणीसाहेब, हा तुला आज गिरणीतून बाहेर काढतोय म्हणे."

"उशीर केला," डोरीन म्हणाली.

"फिटर आहे. फिटर वेळेवर आलेला कुणी बघितलाय?"

सिल्वियो घरांत हीटिंग बसवायचा. पंचवीस वर्षं पाइप, बॉयलर, रेडिएटर. वसंतात त्याने डोरीनसाठी बिनपगारी रजा घेतली होती. आजचं काम म्हणजे त्याच्या रोजच्या कामाची बाहुलीच्या घरातली आवृत्ती होती: पंप, टाकी, रेडिएटर, नळ्या. फक्त इथे उष्णता घरात आणायची नव्हती, बाहेर काढायची होती.

दोघांनी पेटी टेबलावर आडवी केली. जुने पंखे निघाले, त्यांच्यावर राखाडी धुळीची साय होती. ग्राफिक्स कार्डाचं धूड उघडून त्याच्या उघड्या चिपवर सिल्वियोने तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट टाकली आणि तांब्याचा ठोकळा बसवला. दुसरा ठोकळा प्रोसेसरवर. माइकने रेडिएटर बाथरूममध्ये नेऊन कोमट डिस्टिल्ड पाण्याने पाच वेळा खळखळून धुतला. पाचव्या वेळी कचरा निघाला नाही. मग नळ्या. टाकीतून प्रोसेसर, प्रोसेसरमधून कार्ड, कार्डातून रेडिएटर, रेडिएटरमधून परत टाकी. आठ सांधे. प्रत्येकात एक रबरी कडी.

"हाताने घट्ट," माइक म्हणाला. "फक्त हाताने. तो पाना खाली ठेव."

"पाव फेरा देतो."

"पाव फेरा तुझ्या बॉयलरला दे. कडी चिरडलीस तर तुझ्या कार्डाला आंघोळ. अरे, ठेव म्हटलं ना! डोरीन, सांग याला."

"माझं ऐकतो कुठे," डोरीन म्हणाली.

माइक हसला. सिल्वियोने पाना ठेवला.

पाणी भरलं. मग ती चाचणी, जी या नादातले लोक सहसा टाळत नाहीत आणि टाळली तर कुणाला सांगत नाहीत. मदरबोर्डाचा मोठा प्लग उपसून ठेवायचा, त्याची दोन भोकं वाकवलेल्या यू-पिनेने जोडायची, म्हणजे वीज फक्त पंपाला मिळते आणि बाकी सगळं निर्जीव राहतं. प्रत्येक सांध्याखाली किचन टिश्यू. चोवीस तास पाणी फिरू द्यायचं. एवढ्या वेळात टिश्यू कोरडे राहिले तरच बोर्डाला वीज द्यायची. एक थेंब दिसला, तर दुरुस्ती आणि घड्याळ पुन्हा शून्यावर.

पंप सुरू झाला. आधी नळ्यांत बुडबुडे खळाळले. दोघांनी पेटी डावीकडे, उजवीकडे कलती करून हवा बाहेर काढली. मग काहीच ऐकू येईना. माइकने पेटीला कान लावला.

"चालू आहे," तो म्हणाला. "शप्पथ, चालू आहे."

मुलीचे दिवसभर हँडबॉलचे सामने होते म्हणून तो लगेच निघाला. दारात त्याने सिल्वियोचा दंड धरला. "ती हडकलीय रे," तो हळू म्हणाला. पण खोलीत आता हळू बोललेलंही पलंगापर्यंत पोचत होतं, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

सिल्वियोने पिशवीतून कामाच्या फॉर्मचं पॅड काढलं. पाइपचं काम झालं की दाबाची चाचणी घेऊन तो हा फॉर्म भरायचा. पंचवीस वर्षांत एकही चुकला नव्हता. कानावरची पेन्सिल घेऊन त्याने लिहिलं: सांधे आठ. सुरुवात शनिवार ११:२०. समाप्ती रविवार ११:२०. खाली सहीची जागा रिकामी ठेवली. सही शेवटी करायची असते.

दुपारी त्याने डोरीनला भोपळ्याचं दाट सूप भरवलं. अर्धी वाटी गेली. तोंड पुसून तो वळला आणि टिश्यू बघायला जाऊ लागला.

"सिल्वियो."

"हं."

"बस."

तो पलंगाच्या कडेला बसला. तिने दोन श्वास घेतले. बोलण्याआधी आता तिला श्वास साठवावा लागायचा.

"तो कागद."

"कुठला?"

"हाउबोल्डबाईंचा."

हाउबोल्ड या डॉक्टरबाई घरी यायच्या. त्यांचं काम बरं करण्याचं नव्हतं, त्रास कमी करण्याचं होतं, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी तसं सांगितलं होतं. गुरुवारी त्यांनी एक पिवळा कागद आणला होता. आणीबाणीत आलेल्या माणसांनी काय करायचं आणि काय करायचं नाही, ते त्यावर लिहिलेलं होतं. बाईंची सही झाली होती. डोरीनला पेन धरता येत नव्हतं, म्हणून तिच्या वतीने तिच्या मुखत्याराने, म्हणजे सिल्वियोने सही करायची होती. बाई म्हणाल्या होत्या, हवं तर मी दुसरी काही सोय करते, साक्षीदार आणते. डोरीन म्हणाली होती, नको, यानेच करावी. सिल्वियो म्हणाला होता, वाचतो. आणि कागद स्वयंपाकघरातल्या खणात, पिझ्झावाल्यांच्या पत्रकांखाली गेला होता.

"मास्क आहे तेवढा पुरे," डोरीन म्हणाली. "गळ्यात भोक नको. नळी नको. यंत्र नको."

"डोरीन, आत्ता कशाला—"

"तीनदा सांगितलंय तुला."

"कधी?"

"ऑगस्टमध्ये. मग माझ्या वाढदिवसाला. मग या मंगळवारी." तिने पुन्हा श्वास साठवला. "तिन्ही वेळा तू हो म्हणालास."

वाढदिवस त्याला आठवला. ती काहीतरी म्हणाली होती आणि तो हो म्हणाला होता. कॉफी हवी असेल असं त्याला वाटलं होतं. त्याने कॉफी करून आणली होती. तिने तोंडात नळी धरून ती मुकाट्याने प्यायली होती.

"मी तेव्हा..." तो म्हणाला.

"माहितेय. पंखे." ती त्याच्याकडे बघत होती. "आता पंखे नाहीत. ऐकलंस?"

खालच्या बाईंचा रेडिओ हवामान सांगत होता. रात्री पारा शून्याखाली.

"ऐकलं."

"मग?"

त्याची नजर टेबलावरच्या पेटीकडे गेली. "ही चाचणी संपू दे. उद्या अकरा वीसला. हे हातावेगळं झालं की करतो सही. शांतपणे."

"शब्द?"

"शब्द."

"फिटरचा शब्द," डोरीन म्हणाली. "म्हणजे सोमवार ते गुरुवार, आठ ते चारच्या दरम्यान."

तोही हसला. तिचं हसणं आवाजाविना होतं, फक्त डोळ्यांच्या कडा हलल्या.

दुपारभर तो दर अर्ध्या तासाने टिश्यू तपासत राहिला. बोटाने दाबायचा, उजेडात धरायचा, परत ठेवायचा. डोरीन बघत होती. एकदा म्हणाली, "त्यांचं नशीब." त्याला ते ऐकू आलं. न ऐकल्यासारखं करण्याची सोय आता राहिली नव्हती.

पाचला वीस मिनिटं कमी असताना कार्डाच्या वरच्या सांध्याखालच्या टिश्यूवर त्याला डाग दिसला. मसुराच्या दाण्याएवढा, ओलसर. त्याने माइकला फोन लावला.

"भरताना सांडलं असेल," माइक म्हणाला. मागे शिट्ट्या आणि आरडाओरडा. "ठोकळ्याच्या खाचेत राहतो थेंब. पूस, नवा टिश्यू ठेव, तासाभराने बघ. माझं तीनदा झालंय."

"सांधा उघडून बघतो."

"अरे कशाला? कोरडा राहिला की झालं."

सिल्वियोने पंप बंद केला, पाणी काढलं, सांधा उघडला. रबरी कडी बाहेर काढून नखाने चाचपली. एकही चीर नव्हती. कडी नवीकोरी होती, जागेवर होती आणि तिचं काही बिघडलेलं नव्हतं. त्याने ती परत बसवली, हाताने घट्ट केली, पाणी भरलं, हवा काढली. फॉर्मवर जुन्या वेळांवर रेघ मारली आणि लिहिलं: सुरुवात शनिवार १७:१०. समाप्ती रविवार १७:१०.

"काय झालं?" डोरीनने विचारलं.

"पुन्हा सुरू करावं लागलं. उद्या पाच दहाला संपेल."

तिने खिडकीकडे पाहिलं. बाहेर अंधारून आलं होतं. समोरच्या इमारतीत कुणीतरी शिडी लावून बाल्कनीला दिव्यांची माळ बांधत होतं. उद्या नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला होता.

"लोकांच्या घरी," ती शेवटी म्हणाली, "थेंब दिसला तर तू काय करतोस?"

"ते वेगळं असतं."

"पुसतोस. अर्धा तास थांबतोस. सही करतोस. तूच सांगायचास."

"ते लोखंडी पाइप असतात, डोरीन."

तिने डोळे मिटले.

रविवारी सकाळी आठला केर्स्टिन आली आणि ती शांतता ऐकून उंबऱ्यातच थबकली. "बाप रे! इथे माणसं राहतात का अजून?" तिने डोरीनला पुसलं, कूस बदलली, रात्रीचा मास्क काढला. मग हातातला टॉवेल तसाच धरून ती क्षणभर ऐकत उभी राहिली.

"हा श्वास कधीपासून असा आहे?"

"कसा?"

"वरवरचा. बघा, खांदे उचलतायत."

सिल्वियोने ऐकलं. ऐकू येत होतं. प्रत्येक श्वासाच्या शेवटी एक बारीक ओलसर खरखर होती, नळीत अडकलेल्या बुडबुड्यासारखी. ती कालची होती की महिनाभराची, हे त्याला सांगता येईना.

"हाउबोल्डबाईंना फोन करा आज. रविवार असला तरी घेतात त्या."

"संध्याकाळी करतो."

"संध्याकाळी का?"

तेवढ्यात केर्स्टिनचा फोन वाजला. पुढच्या घरचे लोक वाट बघत होते. जाताना तिने फ्रिजवरच्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. त्यावर डॉक्टरबाईंच्या अक्षरात त्यांच्या पथकाचा नंबर होता. चोवीस तास, असं त्याखाली दोनदा अधोरेखित केलेलं.

अकरा वीसला भिंतीवरच्या घड्याळाकडे दोघांनीही पाहिलं.

"अकरा वीस," डोरीन म्हणाली.

"टिश्यू बघतो," तो म्हणाला.

आठही कोरडे होते. त्याने ते तिला सांगितलं नाही, आणि तिने विचारलं नाही.

जेवण झाल्यावर त्याने माळ्यावरून लाकडी दिव्यांची कमान काढली, पुसली आणि खिडकीत ठेवली. तिचा एक दिवा लागेना. तो बल्ब फिरवून बघत होता तेव्हा मागून आवाज आला. ती हाक नव्हती. दोन वाजून पस्तीस मिनिटं झाली होती.

कफ होता. त्याने उपसायचं यंत्र लावलं, नळी घशात घातली, केर्स्टिनने शिकवलं होतं तसंच. थोडं निघालं. खरखर थांबली, पण श्वास आला नाही. मग आला, अर्धाच. ओठांचा रंग गेला. त्याने मास्क लावला. ती मास्कखालून त्याच्याकडे बघत होती. डोळे पूर्ण उघडे होते आणि त्यांत गोंधळ नव्हता.

फोन त्याच्या हातात होता. चिठ्ठी फ्रिजवर होती. तिथवर जाऊन आठ आकडे वाचून दाबायचे होते. त्याच्या अंगठ्याने तीनच दाबले, रुग्णवाहिकेचे. एक, एक, दोन.

सात मिनिटांत ते आले. दोघं नारिंगी जाकिटातले आणि एक तरुण डॉक्टर, बुटांना बर्फाचा चिखल लागलेला. खोली एकदम माणसांनी भरली.

"आजार कोणता?"

सिल्वियोने सांगितलं.

"काही कागद आहे? तिची इच्छा, डॉक्टरांची सूचना, काहीही?" डॉक्टर पिशवी उघडत होता. "लवकर सांगा. मला आत्ता ठरवायचंय."

खण चार पावलांवर होता. पेन्सिल सिल्वियोच्या कानावर होती. डोरीन त्याच्याकडे बघत होती.

"नाही," सिल्वियो म्हणाला.

तिची नजर त्याच्यावरून हलली नाही. मग औषध नसेत गेलं आणि डोळे मिटले. डॉक्टरने नळी घातली. स्ट्रेचर बाहेर काढताना टेबलाला धक्का बसला आणि पेटीखालचा एक टिश्यू जमिनीवर पडला. सिल्वियोने तो उचलला आणि सवयीने दाबून पाहिला. कोरडा.

पाच वाजून दहा मिनिटांनी तो अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसलेला होता. काचेपलीकडे नर्स त्याला हाताने सांगत होती की स्थिर आहे. त्याने मान डोलावली.

सोमवारी तो घरी आला. पंप चालूच होता. त्याने पिन काढली, मोठा प्लग बोर्डाला जोडला, बटण दाबलं. फॉर्मवर लिहिलं: गळती नाही. सही केली, तारीख टाकली. मशीनने पहिला तुकडा घेतला. कार्ड एक्कावन्न अंशांवर स्थिरावलं. त्याने आणखी एक पायरी वेग वाढवला, तरी चोपन्नच. आवाज ऐकायला पेटीला कान टेकावा लागत होता. डिसेंबरअखेर तो यादीत अकरावा होता.

जानेवारीत डोरीन घरी आली. गळ्यात भोक होतं, भोकात नळी, नळीच्या टोकाला पलंगाशेजारी स्टँडवर यंत्र. दर चार सेकंदांनी ते हवा ढकलायचं आणि सोडायचं. ढकलताना शीळ यायची, सोडताना एक थकलेला सुस्कारा. दिवसरात्र कुणीतरी नर्स खोलीत असायची. बैठकीच्या खोलीत तेवढाच एक आवाज होता. डोरीनचा आवाज त्या नळीने पुरता संपवला होता.

तिच्यासाठी पारदर्शक पाटी होती, अक्षरं छापलेली. समोरच्याने ती दोघांच्या मधोमध धरायची; ती अक्षराकडे बघते, समोरचा ते मोठ्याने म्हणतो, बरोबर असेल तर ती पापणी मिटते. नर्सेसशी ती बोलायची. डॉक्टरबाईंशीही एकदा, अर्धा तास. सिल्वियोने पाटी धरली की ती छताकडे बघायची. रुग्णालयात पाच आठवडे तिने हेच केलं होतं.

घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी तिने पाटीकडे पाहिलं. त्या सकाळी केर्स्टिनची पाळी होती; ती उठून स्वयंपाकघरात गेली. सिल्वियोने अक्षरं म्हणायला सुरुवात केली. दोनदा चुकला, दोनदा मागे आला. तीन शब्दांना अकरा मिनिटं लागली.

तू. ऐकलं. होतंस.

तो पाटी धरून बसला. यंत्राने चार-पाच वेळा हवा ढकलली.

"हो," तो म्हणाला.

तिने पापणी मिटली. मग पुन्हा अक्षरं. कागद. आण. वाच. सिल्वियो स्वयंपाकघरात गेला, खण उघडला, पत्रकं बाजूला केली. केर्स्टिन ओट्याशी पाठमोरी उभी होती. तिने वळून पाहिलं नाही. परत येऊन त्याने पिवळा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचला. पत्ता वाचला, जन्मतारीख वाचली, नको असलेल्या गोष्टींची यादी वाचली. यादीतल्या तीन गोष्टी आता तिच्या अंगावर होत्या. मग त्याने सही केली. पेनाने.

"यावर आता भागणार नाही," दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी आवाज चढवला नाही. "हा न लावण्याचा कागद होता. आता लावलेलं काढायचंय. ते तिला स्वतःला सांगावं लागेल, मला आणि आणखी एका डॉक्टरांना. एकदा नाही, पुन्हापुन्हा. तुम्ही खोलीत असाल तर चालेल, पण बोलायचं नाही."

"बोलणार नाही."

"आणि हेर झायडलर, त्या रविवारी..." त्यांनी पिशवी बंद केली. "असू दे."

डोरीनने चार वेळा सांगितलं. चारही वेळा तेच. शेवटच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरने विचारलं, घाई तर नाही ना होत? तिने अक्षरं दिली: ऑगस्टपासून. दिवस ठरला, फेब्रुवारीतला पहिला शुक्रवार, सकाळी दहा. झोपेचं औषध आधी द्यायचं, ती गाढ झोपली की मगच यंत्र काढायचं.

गुरुवारी माइक येऊन गेला. तो पलंगाशी उभा राहिला आणि पाच मिनिटं त्याला एकही विनोद सुचला नाही. डोरीनने पाटी मागवली आणि त्याला दोन शब्द दिले: फिटर. सांभाळ. तो बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून उभा राहिला.

शुक्रवारी नऊ वाजता केर्स्टिनने डोरीनचे केस विंचरले. सिल्वियो खुर्चीतून उठला, टेबलाशी गेला आणि पडद्यासमोर उभा राहिला. चालू तुकडा बासष्ट टक्क्यांवर होता. पूर्ण व्हायला तेरा मिनिटं हवी होती.

"राहू द्या ना तो," केर्स्टिन म्हणाली. "आवाज तर नाहीच करत."

त्याने बंद केला. पडदा काळा झाला. खोलीत काहीच बदललं नाही. अर्धवट राहिलेला तुकडा आता दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनकडे जाईल.

खुर्ची उचलून त्याने पलंगाशी आणली, टेबलाकडे पाठ करून ठेवली आणि बसला. पाटी उचलली. डोरीनने पाटीकडे पाहिलं नाही, त्याच्याकडे पाहिलं. तेव्हा त्याने पाटी पांघरुणावर ठेवली आणि तिचा हात हातात घेतला.

दहा वाजायला चाळीस मिनिटं होती. यंत्र हवा ढकलत होतं आणि सोडत होतं. तो ऐकत बसला.